कुलपाची विद्या आणि आपले भाऊसाहेब

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, शाळेच्या कारकुनीतून निवृत्त होणारे श्रीपतराव भाऊसाहेब, सौ. कमळाबाई वहिनी, सहकारी शिक्षकवर्ग आणि मागे उभं राहून नाश्त्याची वाट पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनो,

शाळेला २००१ साली देणगीत मिळालेले सहा संगणक भाऊसाहेबांनी पाच वर्षं कुलपात सांभाळले, म्हणून मघाशी अध्यक्षांनी त्यांचं कौतुक केलं. त्यात मी थोडी भर घालतो. मी गणिताचा मास्तर. पण दर रविवारी बिरवाडीला मेहुण्याच्या खोलीवर संगणकावर एक खेळ खेळतो. राजे, राक्षस, तळघरं वगैरे. हसू नका, मुख्याध्यापकांनाही ठाऊक आहे.

या खेळात पराक्रम केला की गुण मिळतात. ते तलवारीवर खर्च करा, मंत्रांवर करा, नाहीतर कुलपं उघडण्याच्या विद्येवर. मी सगळे कुलपांवर घातले. फळ काय? पहिल्याच लांडग्याने मला खाल्लं. पुढे मोठ्या कष्टाने एक पेटी उघडली, तर आत शिळा पाव आणि एक पायमोजा. मेहुणा तीच पेटी कुऱ्हाडीने फोडतो. आणि कथेतलं खरं दार? ते विद्येने उघडतच नाही. त्याची चावी एका म्हाताऱ्याकडे असते, आणि तो आधी चार कामं सांगतो. अर्ज आणा, सही आणा, तीन प्रती आणा. म्हातारा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो ना, भाऊसाहेब?

मग ही विद्या शिकावी का? गेल्या जूनपर्यंत माझं उत्तर होतं, मुळीच नाही.

जूनमध्ये आपली तुडीलची पूनम, दहावीला शाळेत पहिली आलेली, एका कारखान्याच्या कचेरीत मुलाखतीला गेली. "शाळेत संगणक होता का?" "सहा होते," ती म्हणाली. "मग बसा या संगणकावर." तिला तो सुरू कुठून करायचा तेच कळेना. नोकरी गेली. परतताना ती शाळेत आली आणि मला म्हणाली, "सर, तो चालू कुठून करतात?" मला फार लाज वाटली.

भाऊसाहेब तेव्हा मोतीबिंदूच्या रजेवर. मी केसांच्या पिना घेऊन संगणकांच्या खोलीच्या कुलपाशी बसलो. तासाभरात दोन मोडल्या. तेवढ्यात शिपाई काशीबाई झाडू घेऊन आल्या.

"काय करताव, सर?"

"कुलूप उघडतोय."

"त्याला चावी लागत नाय. खाली वढा." त्यांनी एक हिसका दिला आणि कुलूप उघडलं. "मी दर शनवारी झाडायला उघडते. पाच वर्सं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"मला इचारलं कुनी?"

मंडळी, या व्यासपीठावर आज सात पदवीधर बसले आहेत, मला धरून. एकानेही ते कुलूप ओढून पाहिलं नव्हतं. तेव्हा खेळणाऱ्यांना माझा सल्ला, कुलपांवर एकही गुण घालू नका. आधी हात लावून पाहा.

सहांपैकी दोन संगणक उंदरांनी संपवले होते. उरलेल्या चारांवर गेले सहा महिने दर शनिवारी मुलं शिकताहेत. काम झालं की मी कुलूप होतं तसं अडकवतो, भाऊसाहेबांच्या जिवाला घोर नको म्हणून.

भाऊसाहेब, मघाशी ताटात नारळासोबत आपण जी चावी शाळेला अर्पण केलीत, ती घरी घेऊन जा. आमची आठवण म्हणून. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हे मात्र मी मनापासून म्हणतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, पण त्याची क्षमा मी व्यासपीठाकडे मागणार नाही. तिसऱ्या रांगेत पूनम बसली आहे. पूनम, आमचं चुकलं.