मुक्ताबाईचं गाठोडं

राधाकिशन : हात लावू नका, दाजी! मागं सरका म्हणतो ना. गोळी असंल आत.

बद्रीनाथ : ओरडू नको. आधी दार लोटून घे.

राधाकिशन : लोटलं. आता सांगा, पिस्तूल तुमच्या घरात आलं कुठून?

बद्रीनाथ : तुझ्या डोळ्यादेखत तर गाठ सोडली. उद्या खंडेनवमी, कोयते घासून ठेवावेत म्हणून खुंटीवरचं गाठोडं काढलं. तुझ्या बहिणीनं बांधल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. दोन कोयते, एक कानस, अन् हे.

स्वप्नाली : मामा, काय झालं? चहा उतू गेला तुमच्या ओरडण्यानं... अगं बाई! आबा, हे खरं आहे?

राधाकिशन : खरं न्हाई तर जत्रेतलं हाय का? मुठीवर चांदीचं बेलपान बघ. आपल्या मुकादमाचं हाय, सुंदररावचं. ऊसतोडीच्या साऱ्या टोळीला दाखवत हिंडायचा.

स्वप्नाली : म्हणजे बंकटकाकांच्या सुरजनं चोरलं म्हणून केस चाललीय, ते?

बद्रीनाथ : तेच.

स्वप्नाली : वर्षभर ते आपल्या खुंटीला होतं?

बद्रीनाथ : वर्षभर. त्यातले चार महिने सुरज जेलात होता.

राधाकिशन : हे बघा, शांत डोक्यानं ऐका दोघंबी. आमच्या पालीला धरण हाय. पिशवीत घालून द्या माझ्याजवळ. घरी जाता जाता गाडी थांबवतो, मधोमध फेकून देतो. कोणी पाहिलं न्हाई, कोणाला कळलं न्हाई. किस्सा खतम.

बद्रीनाथ : अन् सुरज?

राधाकिशन : सुटलाय की तो जामिनावर.

बद्रीनाथ : सुटलाय? दर सोमवारी ठाण्यात हजेरी देतो. ठरलेलं लग्न मोडलं. कोणताच मुकादम टोळीत घेत न्हाई. बंकट माझ्या दारावरून जाताना मान फिरवतो. ह्याला सुटणं म्हणतोस तू?

राधाकिशन : तुमी कामून अंगावर घ्यायलात? फिर्याद सुंदररावनं दिली.

बद्रीनाथ : अन् जबाब कुणी दिला?

स्वप्नाली : कसला जबाब?

राधाकिशन : दाजी, पोरीपुढं कशाला आता...

बद्रीनाथ : ऐकू दे. मोठी झाली ती. तुझ्या आईच्या दहाव्याला, तू आत बायकांत होतीस. सुंदरराव पोलिसाला घेऊन आला. म्हणाला, बद्रीनाथ, पूजेच्या दिवशी सुरजला माझ्या घरात शिरताना पाहिलंस ना? पाहिलं होतं मी. पंगतीसाठी पाण्याची घागर आणायला गेलता तो. मी म्हटलं, हो, पाहिलं. घागरीचं बोललो न्हाई. अंगठा दिला.

स्वप्नाली : का नाही बोललात?

बद्रीनाथ : कुणी विचारलं न्हाई. अन् मला एवढंच वाटत होतं, सगळ्यांनी लवकर माझ्यापुढून उठून जावं.

स्वप्नाली : पण पिस्तूल तर मुकादमांच्या कपाटातून गेलं ना? पेपरात तसंच होतं. मग ते आईच्या गाठोड्यात कसं येईल?

बद्रीनाथ : सांग तिला, राधाकिशन.

राधाकिशन : मी कशाला?

बद्रीनाथ : तू बी तिथंच होतास.

राधाकिशन : कपाटातून गेलं न्हाई ते. त्या दिवशी ते कपाटात नव्हतंच.

स्वप्नाली : मग कुठं होतं?

राधाकिशन : खंडेनवमीला साऱ्या टोळीचे कोयते मुकादमाच्या अंगणात मांडतो का न्हाई आमी? हळद, कुंकू, झेंडू, नारळ. दसरा झाला की मग कारखान्याला निघायचं. गेल्या साली सुंदररावला हौस आली. म्हणाला, तुमचं हत्यार कोयता, माझं हत्यार हे. ठेवलं की कोयत्यांच्या ढिगावर! त्याच्या पोरानं फोटो काढायला मोबाईल काढला, तर त्याच्यावरच खेकसला. परवाना घालवतो का बे, म्हणाला. मग पंगत बसली. बापाला वाटलं पोरानं उचलून ठेवलं, पोराला वाटलं बापानं.

स्वप्नाली : आणि हे सगळ्यांनी पाहिलं?

राधाकिशन : तीस माणसांनी. दुसऱ्या दिवशी बोलावलं आमाला. पूजेत पिस्तूल होतं हे कुणी बोलायचं न्हाई, न्हाईतर यंदा टोळीच कामाला नेणार न्हाई. आमी म्हटलं, न्हाई बोलत. आमाला वाटलं, पूजा झाल्यावर त्यानं कपाटात ठेवलं असंल आणि मग गेलं असंल. खोटं कशाला सांगू, कुणी जास्त विचार केलाच न्हाई.

स्वप्नाली : तीस माणसं, मामा.

राधाकिशन : तीस माणसांना खायला लागतं, बाई.

स्वप्नाली : आबा, आईला माहीत होतं का?

बद्रीनाथ : माहीत असतं तर तिनं मला झोपू दिलं असतं का? त्या रात्रीच उठवून मुकादमाच्या दारात उभं केलं असतं. न्हाई. मला आठवतंय सगळं. लगीन झाल्यापासून तिची एक रीत होती. कोयता भुईवर पूजायचा न्हाई. जुन्या लुगड्याचा तुकडा खाली अंथरायची, त्यावर आपले दोन कोयते. त्या दिवशी पहाटेपासून अंगात ताप होता तिच्या. मी म्हटलं, उचल लवकर, पंगत बसली. तिनं चारी टोकं धरली आणि गाठ मारली. फुलं, पानं, ढिगावरून घसरलेलं जे काय होतं ते, सगळ्यासकट.

स्वप्नाली : जड नसेल लागलं?

बद्रीनाथ : तिला त्या दिवशी स्वतःचा हात जड झालता. घरी येऊन खुंटीला अडकवलं आणि भिंतीला टेकून बसली. चौथ्या दिवशी गेली.

राधाकिशन : हे तुमाला माहीत, मला माहीत. गावाला काय कळणार? मुक्ताबाईच्या गाठोड्यात पिस्तूल निघालं, एवढंच ऐकणार लोक. पारावर बसून हसतील. माझी अक्का चोर ठरंल, दाजी. जिती असती तर भांडली असती एकेकाशी. आता कोण भांडणार?

बद्रीनाथ : मघापासून त्याचाच विचार करायलोय.

राधाकिशन : मग करा विचार नीट. धरण नको तर सुंदररावला नेऊन देऊ. गुपचूप. त्याची चीज त्याला मिळाली की तो केस मागं घेईल.

बद्रीनाथ : कसा घेईल? कपाटातून गेलं म्हणून खोटी फिर्याद दिली, हे कबूल करंल तो? उद्या हेच पिस्तूल बंकटच्या छपरात सापडंल.

राधाकिशन : ...ते बी हाय म्हणा. करंल तो तसं.

बद्रीनाथ : आण ती चिंधी इकडं. निदान पुसून तरी ठेवतो, गंज चढलाय.

स्वप्नाली : आबा, थांबा! पुसू नका. तो गंज नाही. नीट बघा, वाकून बघा, पण लांबून. काय आहे नळीवर?

बद्रीनाथ : हळद.

स्वप्नाली : हळद, कुंकू. आणि घोड्यापाशी झेंडूची पाकळी वाळून चिकटलीय. कपाटातून चोरीला गेलेल्या पिस्तुलाला हळद कुठून लागते, मामा?

राधाकिशन : अरे तिच्या...

स्वप्नाली : आणि चोरणारी बाई पूजेची हळद तशीच ठेवून, कोयत्यांत गुंडाळून, दारासमोरच्या खुंटीला टांगून ठेवते का वर्षभर?

राधाकिशन : मी बी आता म्हणणारच होतो, पुसून टाका म्हणून. दाजी, पोरीला नर्सिंगला घातली तुमी, वकिलीला घालायची.

बद्रीनाथ : स्वप्ना, मोबाईल काढ. जसं हाय तसे फोटो घे. गाठोड्याचे, लुगड्याचे, खुंटीचे बी.

(स्वप्नाली चारी बाजूंनी फोटो काढते.)

राधाकिशन : तुमचं ठरलंच म्हणा की.

बद्रीनाथ : ठरलं.

राधाकिशन : तुमच्यावर केस झाली तर? वर्षभर घरात ठेवलं म्हणून. अर्धा जबाब दिला म्हणून.

बद्रीनाथ : झाली तर झाली.

राधाकिशन : सुंदरराव टोळीत घेणार न्हाई.

बद्रीनाथ : तसाबी कुठं घेतोय? नवराबायको मिळून एक कोयता धरतात फडात. तिनं मोळ्या बांधायच्या, मी तोडायचं. मी आता अर्धा कोयता. अर्ध्याला कोण विचारतं?

राधाकिशन : मी बोललोय त्याच्याशी तुमच्यासाठी. दोनदा गेलो. हो म्हणत आलता तो.

बद्रीनाथ : माहीत हाय मला. म्हणून तुझं सगळं ऐकून घेतलं. धरणाचं बी ऐकलं.

राधाकिशन : मग आणखी एक ऐका. शेवटचं. पोलिसाला बोलवा, माझी ना न्हाई. पण गाठोडं तुमी बांधलं म्हणून सांगा. घाईत बांधलं, ध्यानात आलं न्हाई. अक्काचं नावच निघणार न्हाई मग. एवढं करा माझ्यासाठी.

स्वप्नाली : मामा, खोटं सांगायचं पुन्हा?

राधाकिशन : तू गप. तुझी आई होती, माझी बी बहीण होती. मला कडेवर घेऊन फडात हिंडली ती.

बद्रीनाथ : आलं होतं रे ते मनात. गाठ सोडली तवाच आलं. माझ्या नावाला कोण हसणार, अन् हसलं तर माझं काय जाणार?

राधाकिशन : मग झालं तर.

बद्रीनाथ : न्हाई. एकदा घागर गाळली जबाबातून. एवढीशी गोष्ट. तिच्यापायी एका पोराचं वर्ष गेलं. आता मुक्ताला गाळू? तिनं बांधलं, तिनंच बांधलं म्हणून सांगीन. तापात होती, हे सांगीन. मी घाई केली, हे बी सांगीन. तिचं नाव घ्यायला मला भ्यायचं काय कारण हाय? तिनं काय वाईट केलंय?

राधाकिशन : ...काय न्हाई केलं.

बद्रीनाथ : मग?

राधाकिशन : अक्का असती तर काय म्हणाली असती?

बद्रीनाथ : आधी मला शिव्या. मग तुला.

राधाकिशन : मला कामून?

बद्रीनाथ : धरणात टाकतो म्हणालास. लोक पाणी पितात तिथलं, म्हणाली असती.

राधाकिशन : म्हणाली असती खरं. ...हसू नको, पोरी. डोळ्यात काय तरी गेलं माझ्या.

स्वप्नाली : मी कुठं हसतेय, मामा. घ्या, पाणी घ्या.

बद्रीनाथ : सुरजचा वकील कोण हाय, ठाऊक हाय का तुला?

स्वप्नाली : त्याची बहीण करिष्मा माझ्याबरोबर अंबाजोगाईला होती. तिच्याकडून नंबर मिळेल. ती वर्षभर बोलली नाहीये माझ्याशी, पण फोन उचलेल. आधी वकील, मग पोलीस. इथं या म्हणते त्यांना. आपण घेऊन जायचं नाही, इथून हलवायचंच नाही.

बद्रीनाथ : बरोबर. त्यांनी येऊन बघावं. खुंटी बघावी, हळद बघावी. लिहून घेतलेलं सगळं तू वाचून दाखवशील मला. पुरं वाचल्याबिगर अंगठा देणार न्हाई ह्यावेळी.

राधाकिशन : अन् माझं बी लिहून घ्यायला सांग.

स्वप्नाली : तुमचं काय?

राधाकिशन : माझं नाव. राधाकिशन, राहणार पाली. पूजेत पिस्तूल होतं, मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. तिसांत एक तरी बोलंल. मी बोललो तर आणखी दोघं बोलतील. सटवा बोलंल, तो तर सुंदररावला वैतागलाय.

बद्रीनाथ : विचार कर. तुला बी टोळीतून काढंल तो.

राधाकिशन : काढू दे. बीडात मुकादमांना काय तोटा हाय? दगड उचलला की खाली एक मुकादम निघतो.

स्वप्नाली : आबा, करिष्मानं नंबर पाठवला. काय झालं म्हणून विचारतेय. काय सांगू?

बद्रीनाथ : सांगू नको अजून. मीच चाललो त्यांच्या घरी.

स्वप्नाली : आत्ता? वकील आल्यावर जा ना. त्यांना विचारू, जावं का नाही ते.

बद्रीनाथ : पोलिसाची गाडी आलेली दिसली की बंकटचा जीव जाईल. त्याला वाटंल, पुन्हा त्याच्याच पोरासाठी आली. गाडीच्या आधी मी पोचलो पाहिजे. टोपी कुठं हाय माझी?

राधाकिशन : घ्या. जावा तुमी. मी बसतो हितं. मांजर बी फिरकू देत न्हाई त्याच्याजवळ.

स्वप्नाली : आबा, पण ते दार उघडतील का तुम्हाला?

बद्रीनाथ : न्हाई उघडलं तर अंगणात उभा राहून सांगीन. गल्लीला ऐकू गेलं तर जाऊ दे.