अंबिकाची बाटली

लॅबच्या बाकावर शेजारी बसलेला तो माणूस बायकोला दर वाक्याला 'तू चूप बैस' म्हणत होता. मला ते खपेना. माझ्या शेंगदाणा तेलाचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून बसले ऐकत.

"अहो, हे आपलं लाकडी घाण्याचं तेल नाही. आपलं पिवळंधमक असतं."

"हळू बोल ना यार. दुकानातलं रिफाइंड भरलंय."

"का म्हणून?"

"अगं, इथली मशीन तेल तापवून त्यात हवा सोडते आणि किती तासांत खवट होतं ते बघते. आपलं लवकर गेलं तर? बाटलीवर सहा महिने लिहायचेत."

"दोन महिने टिकलं तर दोनच लिहू."

"मग कोण घेईल? तू चूप बैस."

"आणि चौथ्या महिन्यात कोणाच्या शेवेला वास मारला तर? बाटलीवर नाव माझं आहे, अंबिकाचं; तुमचं नाही."

"अगं, सगळेच करतात."

"करू देत." ती उठून लॅबच्या खिडकीशी गेली. "मॅडम, ती बाटली परत द्या. ही घ्या, माझ्या पिशवीतली. हेच खरं आमचं तेल."

"फेल झालं तर घरी येऊन रडू नको."

"रडायला मी रिफाइंड भरलं नव्हतं."

तो माझ्याकडे वळला. "बघा ना माताजी, अशाने धंदा होतो का?"

"होतो भिया. तेल तिला विकू दे. तू उद्यापासून बाटल्या धूत जा."