न पाडता घराचं वजन

नाही नाही, ते यंत्र पिशवीतच राहू द्या, आधी बसा — तुम्ही कशाला आलात ते मला समजावू नका, हेच काम केलंय मी. भिंतीवर टकटक करायची, लोहचुंबक फिरवून आत सळई कुठे ते शोधायचं, कोपऱ्यात बारीक भोक पाडून वीट बघायची, आणि घर न पाडता त्याचं वजन सांगायचं. कुठल्या देशात घर म्हणजे निम्मं लाकूडच, कुठे नुसतं काँक्रीट, आपल्याकडे विटा आणि लोखंड — सगळ्यांचे अंदाज एकत्र केले की कळतं, उद्या ही घरं पडली तर किती माल परत वापरता येईल. काम चांगलंच आहे हो, कामाला नावं नाही ठेवत मी.

अडतं कुठे, तर दाराशी. लोक दार उघडत नाहीत — का उघडावं? पण माझी थोरली बहीण, ताई, एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहायची, ती आपणहून म्हणाली, "आमच्याकडे ये की, सगळी आपलीच माणसं आहेत." आपणहून, बरं का. एरवी मला "विटा मोजणारी" म्हणून हसायची, आणि आता माझा हात धरून दारोदार फिरली. इतकं बरं वाटलं मला — काय सांगू. तळमजल्यावर शिंपीकाका होते, एकटेच. त्यांनी शिवणयंत्र स्वतः ओढून बाजूला केलं, भिंतीवरचा काकूंचा फोटो उतरवला आणि म्हणाले, "इथं पाड भोक, फोटोखाली झाकलं जाईल."

मग इमारत पाडायची ठरली. मालकाचं आधी होय-नाही चाललं होतं, पाडून हाती काय लागणार ते कळत नव्हतं त्याला — ते कुणी कळवलं? माझ्याच आकड्यांनी. आमच्या कार्यालयाचं म्हणणं, अभ्यास सगळ्यांना खुला असतो. मला कळलं तशी मी ताईकडे धावले, म्हटलं तिला तरी सावध करू. तिनं पाणी दिलं ते कागदी पेल्यात. ताईच्या घरात कागदी पेला — मी इकडेतिकडे बघितलं, तर भांडी बांधून झालेली, पडदे उतरवलेले. म्हटलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?" तर म्हणाली, "आधी पाणी पी." मालकानं तिला नव्या इमारतीत जागा कबूल केली होती. बदल्यात काय, तर मोजणारीला घराघरात न्यायचं, बस. म्हटलं, "मला सांगायचंस तरी." तर कशी शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस का दारोदार?" नसतेच गेले. लहानपणापासून ओळखते ना ती मला.

निघाले तर जिन्यात शिंपीकाका. म्हणाले, "पोरी, मी तुला भिंत दाखवली, तू घर नेलंस." मी सांगणार होते — काका, मला माहीत नव्हतं, ताईनं — पण वर दारात ताई उभी होती, सगळं ऐकत, आणि एक शब्द बोलली नाही. मग मीही नाही बोलले. का नाही बोलले? सख्खी बहीण आहे, तिला चार लोकांत कसं उघडं पाडायचं — तिला मात्र मला पाडता आलं. ती माणसं अजून मला बघून रस्ता बदलतात. आणि ताईला काय म्हणतात ठाऊक आहे? बिचारीला बहिणीनंच घराबाहेर काढलं. ती मान हलवते म्हणे.

असो. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, तुमच्याजवळ कशी बोलून गेले कोण जाणे. बरं, मला सांगा, या गल्लीत एवढी घरं असताना नेमकं माझंच दार कसं वाजवलंत — कुणी धाडलं तुम्हाला?

...

असं म्हणाली? "माझी बहीण नाही म्हणायची नाही" — असं?

उठा. पिशवी घ्या तुमची. नाही, काही बोलू नका — जाताना दार ओढून घ्या.