मानेची पिसं

(शहाडजवळ, उल्हास नदीकाठच्या एका घराची पडवी. साल १९५३, चैत्र. बोलताहेत सगुणा, तिचा नवरा आनंदा आणि सासू सखुबाई. सगुणाच्या कुशीत एक जून, तांबडा कोंबडा आहे.)

सगुणा : मुंगसानं धरला म्हणता? मुंगूस धरील तर रक्त काढील. इथली पिसं कुणीतरी बसून, निवडून उपटल्येत. हात लावून बघा.

आनंदा : मग गळाली असतील. वय झालंय त्याचं.

सगुणा : मानेवरचीच? लांब लांब होती तेवढीच?

आनंदा : आवाज चढवू नकोस. आई ऐकेल.

सखुबाई : आयकलंय मी. आनंदा, खरं काय ते बोल. उद्या जत्रा. गावदेवीच्या नावानं सोरलेला कोंबरा हाय तो. गेल्या चैतात ही बालंतपनात थंड परलेली. पोर गेलं, हिचंबी कायी खरं नवतं. तवा ह्याच्याव हात ठेवून तूच नवस बोललेलास, हिला उठव म्हनून. मी उभी व्हते तिथं.

आनंदा : आठवतंय मला.

सगुणा : मग पिसं कुठं गेली?

आनंदा : गळाला बांधली.

सगुणा : कसल्या गळाला?

आनंदा : आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या काठीच्या. तुला सांगितलेलं ना, मासे धरायची विलायती काठी. शेंड्याला काडीएवढी बारीक, हातात काही धरलंय असं वाटतच नाही. तिला गांडूळ नाही लावत. छोट्या गळावर पीस गुंडाळायचं, दोऱ्यानं आवळायचं, झाली माशी; मासा खरी समजून झडपतो. ती पाण्यावर तरंगली पाहिजे. कोंबडीचं पीस भिजतं आणि बुडतं. जून कोंबड्याच्या मानेचं तेवढं टिकतं. आता गावात जून कोंबडा ठेवतो कोण? सगळे वेळेत रश्शात जातात. हाच एक वर्षभर राहिलेला.

सगुणा : देवीचा म्हणून राहिलेला.

आनंदा : आधी एखादंच घ्यायचो, आतल्या बाजूचं. काल जरा हात जास्त चालला.

सखुबाई : आनि मासं केवरं मिलालं?

आनंदा : बोटाएवढे.

सखुबाई : ते तं पोरा पंच्यानं धरतान.

आनंदा : हा स्पोर्ट आहे, आई. मोठा मासा कुणीही ओढतो. बारक्याला हलक्या काठीवर खेळवायचं, दमला की सोडून द्यायचं.

सखुबाई : सोरून? खायाचा नाय?

आनंदा : खायला धरला तर तो खेळ नव्हे, असं साहेब म्हणायचे.

सगुणा : शी. आमच्या घरात मासळी पिढ्यान्‌पिढ्या शिजतेय, पण अशी थट्टा कुणी केली नव्हती. तोंडात गळ अडकवायचा, तडफडवायचं, आणि मग उपकार केल्यासारखं पाण्यात टाकायचं.

सखुबाई : झालं ते झालं. सगुना, हलद कालव. मानंव चांगली थाप, वर शेंदूर लाव. भगताला आता दिसतंय कुठं? गर्दीत खपून जाईल.

आनंदा : आई बरोबर बोलते. नाहीतर मी कल्याणच्या बाजारात जातो, असाच तांबडा दुसरा आणतो. साहेबांच्या शब्दाखातर झालं गं हे. त्यांना नाही म्हणता येतं का?

सगुणा : कुठल्या साहेबांना?

आनंदा : कुठल्या म्हणजे?

सगुणा : त्यांच्या बंगल्यावरच्या माळ्याची बायको मला सकाळी पाण्यावर भेटली. साहेब दिवाळीलाच बदलून गेले, काठी तुमच्या यांना देऊन गेले, म्हणाली. मला वाटलं, ही काहीतरी चुकतेय. मी तिच्याशी भांडले तुमच्यासाठी.

आनंदा : सांगणारच होतो.

सगुणा : मग दर रविवारी साहेबांनी बोलावलंय म्हणून कुठं जात होतात?

आनंदा : आंबिवलीच्या बाजूला, वर. तिथं ओळखीचं कुणी येत नाही.

सगुणा : एकटेच?

आनंदा : हो. काय सांगू तुला, ती माशी पाण्यावर अलगद बसते ना, आणि मासा खालून येताना दिसतो, तेवढ्या वेळात डोक्यात काही म्हणजे काही राहत नाही. ऑफिस नाही, घर नाही.

सगुणा : मी नाही.

आनंदा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सखुबाई : सगुना, पुरे आता. मी हलद आनते.

सगुणा : नको, आई. हा असाच न्यायचा. नवस यांच्या तोंडचा, यांनीच हातात धरून न्यायचा.

सखुबाई : आख्खा गाव बघंल गो. तोंडाव थुकतील लोक.

सगुणा : थुंकू देत. भगत विचारील, मान उघडी कशानं पडली. तेव्हा यांनी सांगायचं. पंच्यानं धरतात त्या माशांसाठी, म्हणून सांगायचं. मी मागं उभी राहीन, पण बोलणार नाय.

आनंदा : एवढी शिक्षा? पिसं परत येतील गं.

सगुणा : पिसांचं काय घेऊन बसलात? वर्षभर रोज सकाळी मी याला दाणे टाकत होते. पोर गेल्यावर जगायचं मन नव्हतं माझं. याच्याकडं बघायचे आणि वाटायचं, आपल्यासाठी कुणीतरी देवीपुढं रडलंय. तेवढ्यावर उठून कामाला लागायचे.

आनंदा : मी रडलेलो, सगुणा. खरंच रडलेलो.

सगुणा : ठाऊक हाय मला. ते रडणं नुसतं खोटं असतं, तर एवढी किळस आली नसती.