पिवळी म्हणजे लाल न्हय

१९६९ सालची गोष्ट. मालवणच्या दवाखान्यात मथुरा सुजलेलं बोट धरून बाकावर बसली होती. पुढचा नंबर तिचाच. शेजारचं जोडपं पेटीविषयी बोलत होतं, म्हणून आधी तिला वाटलं, भजनाचीच पेटी असणार.

"पोटातली पेटी कशी आसा?"

"बरी आसा गो. बॅटरीवर काळीज चलवता मा?"

"पेटीवरची जखम इचारतंय. मुंबयच्या डॉक्टरान बजावल्यान, लाल झाली तर लगेच येवा. जंतू तारेवाटेन काळजात जातत."

"लाल खंय आसा? बघ."

"ही पिवळी कशी?"

"पिवळी म्हणजे लाल न्हय."

"हळद फासल्यात!"

"औषध ता."

"आणि हात लावलो तर निखारो! कधीपासून?"

"सोमवारपासून. कुणकेश्वराची जत्रा होवंदे गो. भजनात पेटी कोण वाजवतलो?"

"बाबली."

"बाबली? देव देवळातसून उठान जायत!"

"जावंदे. माका ह्या पेटीचो सूर होयो."

"मुंबयची गाडी कितीक?"

"चाराक."

"मगे कपडे घेवक घराक जावक होया."

"पिशयेत आसत. सकाळीच भरलंय."

कंपाउंडरनं नंबर पुकारला. मथुरा उठली नाही.

"पयले ह्येंका सोडा. तेंका चारची गाडी गाठूची आसा."

"आणि तुमचा बोट, वयनी?" कंपाउंडरनं विचारलं.

"माझा लाल आसा. दिसता तरी!"