कंप्युटरातलो दर्यो

कणकवली डेपोत लक्ष्मी ओरोसच्या गाडीसाठी ताटकळली होती. मालवणच्या गाडीतून उतरलेली एक पोरगी शेजारच्या बाकावर बसून इथल्याच कॉलेजात शिकणाऱ्या भावाला फैलावर घेत होती. लक्ष्मीने मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच लावले.

"बाबाक सायबर कॅफेत कित्याक नेलंस, दादा?"

"मी खंय नेलंय? माका तांदूळ देवक इलो, शोधीत थंयसर पोचलो. मी गेम खेळी होतंय."

"कसलो गेम?"

"राक्षस मारूचो. जगभरची माणसां इंटरनेटार एकदम खेळतत. पण त्यातलो दर्यो अगदी खरो गो. भरती येता, वारो फिरलो काय लाट बदलता."

"मगे?"

"मगे पाणी काळां झाला, वर पाखरां फिराक लागली. बाबा ताडकन उठलो आणि वरडलो, 'तारली इली रे, रापण सोडा.' सगळे हसाक लागले."

"आणि तू?"

"मी पण."

"दहा वर्सां झाली दादा, रापणीचां जाळां ओढूक माणूस नाय, ओढलां तर मासो नाय. आणि तू हसलंस."

"मी तेका सांगलंय गो, बाबा, ह्यात मासे नाय, नुसतो देखावो. तर माका इचारता, 'मासे नाय, मगे पाखरां कित्याक फिरतत?'"

"तू काय सांगलंस?"

"तेका मालवणच्या गाडयेत बसवलंय. आता घराकडे काय करता तो?"

"माळ्यावरची रापण काढून शिवीत बसता. येणाऱ्या-जाणाऱ्याक सांगता, आयतवारी सगळ्यांनी येवचा, रापण कणकवलेक न्हेवची आसा."