दिल्लीहून निघालंय

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलंय, आईने मला शपथ घालायचीच काय ती बाकी ठेवली होती, पण तुम्ही काही आमच्या बिल्डिंगमधले नाही, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते पनीर माझ्या घशाखाली उतरेना... हो, पनीर! तुम्हाला सांगते, ज्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी नसेल तर जेवण झालं असं कुणी कबूलच करत नाही, त्या घरात पनीर! समोरच्या हंसाबेन परवा जिन्यात माझा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, "क्या रुचिता, आजकल तुम्हारे यहाँ से मच्छी का बास नहीं आता! छोड दिया? बहुत अच्छा, पुण्य लगेगा!" मी आपली चपलांकडे बघत राहिले. मी तशी नेहमीच चपलांकडे बघते, वर्गात माझं "प्रेझेंट" बाईंना ऐकूच जात नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच बघितलं. कारण पुण्य कसलं डोंबलाचं... आम्ही मासळी बाजारातून फरार आहोत!

आता फरार का, तर संचिता आत्यामुळे. बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते, युनिव्हर्सिटीत संशोधन करते. डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नाही, पीएचडीवाली. इथे भाईंदरजवळच्या उत्तनच्या कोळीवाड्यातल्या बायका बोंबील वाळवतात, जवळा पाखडतात, त्याची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाऊन छातीचं काय होतं, हा तिचा विषय. सरकारची ग्रांट मंजूर झाली तेव्हा बाबांनी लिफ्टमध्ये उभं राहून पेढे वाटले, वर जाणाऱ्यालाही आणि खाली जाणाऱ्यालाही! सुट्टीत मी आत्याची पिशवी धरायला उत्तनला गेले होते. बायकांनी नळीत फुंकायचं आणि रक्त द्यायचं. सुई बघून सगळ्या मागे मागे, आणि लुईझा मावशी पुढे, बाही वर करून, "माजं काड आधी! मी मेली तर तुमी पला!" सगळ्या हसल्या आणि रांग लागली. आत्या गहिवरून, प्रत्येकीला आपल्या घरचा पत्ता देत म्हणाली, "रिपोर्ट मी स्वतः घरोघरी आणून देणार."

आणि मग ग्रांटचा दुसरा हप्ता आलाच नाही. रक्त तपासायचं किट त्या हप्त्यातून घ्यायचं होतं, त्यामुळे रक्त बसलंय फ्रीझरमध्ये, थंडगार. आत्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात फोन लावते, स्पीकरवर ठेवून भाजी निवडते, आणि तिकडून तो माणूस, तोंडात तंबाखू असावी असा, "मॅडम, निघालंय. दिल्लीहून निघालंय." "अहो, कधी निघालं?" "ते हितं दिसत नाय, पण निघालंय." तेव्हापासून ते निघालंय म्हणजे निघालंयच! अहो, एखादा माणूस चालत निघाला असता, वाटेत आग्रा बघितलं असतं, कोट्याला क्लास लावून नापास झाला असता, तरी एव्हाना भाईंदर स्टेशनला उतरून रिक्षावाल्याशी भांडत असता! आणि गंमत ऐका, ग्रांटमध्ये प्रवासाच्या खात्यात पैसे पडून आहेत. "मग त्यातून किट घेऊ?" "छे छे मॅडम, प्रवास म्हणजे प्रवास!" म्हणजे आत्या उत्तनला रोज जाऊ शकते, फक्त रिकाम्या हाताने. आणि उत्तन हीच एक जागा, जिथे जायची तिची हिंमत नाही.

पण उत्तन थोडंच तिकडेच थांबतंय? लुईझा मावशी पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसते! आई गेली की, "डॉक्टरनीचा रिपोट आला का गो?" आई म्हणते, "दिल्लीहून निघालंय." मावशीला काय वाटलं कोण जाणे, शेजारणीला ऐटीत सांगते, "माजं रगत दिल्लीला गेलंय! मी ठान्याच्या फुडं गेली न्हाय कदी, रगत बग!" आणि आमच्या पिशवीत वाट्यावर आणखी दोन पापलेटं टाकते. "डॉक्टरनीला." पैसे घेत नाही! आई घरी येऊन ती पापलेटं तळते आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मग आई मास्क लावून जायला लागली, तर मावशीने पिशवी ओळखली. बाबा मीरा रोडला गेले, तर तिथेही उत्तनचीच एक बाई पाटीमागून, "ओ, रिपोटवाले!" झालं. पनीर.

मग गेल्या रविवारी बाबांना राहवेना. "रुचिताला पाठवा, ती तोंड उघडत नाही, तिला कोण ओळखतंय?" मी ओढणी कपाळापर्यंत घेतली. मावशीने लांबूनच हाक मारली, "पिशवीवाली पोर!" आणि पुढे तिला बोलताच येईना. बोंबील हातात तसाच, दुसरा हात छातीवर, खोकल्यावर खोकला, आणि श्वास नुसता शिट्टीसारखा वाजतोय... मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलले, "मावशी, तोवर सरकारी दवाखान्यात दाखवा ना." तर तीच रागावली! "येडी का गो? तुजी आत्या माजं रगत घेऊन बसलीय, नि मी दुसरीकडं हात दावू? तिला काय वाटल? आमी एक डॉक्टर धरला की धरला. मी थांबतंय."

कळलं तुम्हाला? आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती थांबलीय! मला म्हणायचं होतं, थांबू नका, काही येत नाहीये. तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं असेल? "दिल्लीहून निघालंय, मावशी." तिने आणखी मूठभर बोंबील टाकले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आत्या पानावरून उठली. "उद्या जाते, सगळ्यांना सांगते, दुसरीकडे दाखवा म्हणून." उद्या काही उजाडला नाही. आत्याचंही बहुतेक निघालंयच...

थांबा. जिन्यात खोकला ऐकलात? लिफ्ट सकाळपासून बंद आहे. कुणीतरी चढतंय... थांबलं... परत चढतंय. हा खोकला मी ओळखते. बघा, आत्या आत पळाली, आईने टीव्ही बंद केला, बाबांनी तर पंखासुद्धा बंद केला, जसा काही पंख्याचा आवाज खाली उत्तनपर्यंत जाणार होता! काय माणसं आहोत आम्ही! दिल्लीहून निघालेलं अजून पोचलं नाही, आणि उत्तनहून निघालेली लुईझा मावशी, असल्या छातीने, चौथ्या मजल्यावर पोचलीसुद्धा!

नाही, आज मी दार उघडणार. तिला आधी बसवते, पाणी देते, आणि चपलांकडे न बघता तिला सांगते, की मावशी, रिपोर्ट दिल्लीहून...

"पिशवीवाली पोर! दार उगड गो, हात भरलेत, पापलेटं हायत डॉक्टरनीला!"